वाढत्या घरांचें गांव

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस पंचवीस-तीस मैलांवर, लाँग आयलंडच्या सपाट मैदानांत, लेव्हिटटाउन नांवाची एक वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं तेथें बटाट्याचीं शेतें होतीं. १९४७ ते १९५१ एवढ्या अल्प अवधींत त्या शेतांवर १७,४४७ घरें उभीं राहिलीं, आणि तीं इतकीं एकसारखीं होतीं कीं, त्या वेळीं विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांत तीं एखाद्या आज्ञाधारक मुलानें पाटीवर गिरविलेल्या एकाच अक्षरासारखीं दिसतात. नगररचनेवर लिहिणाऱ्या अनेक विद्वानांनीं आपलें मत याच दर्शनावरून बनविलें. ल्यूइस ममफर्ड यांच्यासारख्या थोर टीकाकारानेंहि अशा उपनगरांच्या एकसुरीपणावर कडक ताशेरे ओढले. परंतु आज त्याच रस्त्यांनीं जो कोणी पायीं फिरेल त्याला मूळच्या स्वरूपांत राहिलेलें एखादें घर हुडकून काढण्यास बरेच श्रम पडतील. एकाचें छप्पर उंचावलें आहे, दुसऱ्याची मागची बाजू अंगणांत शिरली आहे, तिसऱ्यावर अखंड मजला चढला आहे. अक्षर एकच गिरवावयास दिलें होतें. वळण मात्र ज्याचें त्यानें लाविलें.

हें कसें घडलें तें समजण्यास युद्धोत्तर अमेरिकेंतील घरांची टंचाई प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. १९२९ नंतरच्या मंदींत तेथील घरबांधणी खालावली, आणि युद्ध सुरू झाल्यावर लांकूड, लोखंड व मजूर सारेंच युद्धकार्याकडे वळलें. १९४५ सालीं युद्ध संपलें. त्या देशाच्या सैन्यांत सुमारें १ कोटि ६० लक्ष लोकांनीं काम केलें होतें. ते घरीं परतूं लागले. पण परतावयाचें कोठें? पुष्कळ तरुण जोडपीं आईबापांच्या किंवा सासुरवाडीच्या घरीं एका खोलींत, तर कित्येक लष्कराच्या अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांत दिवस काढीत होतीं. बिऱ्हाडाला जागा शोधतांना ज्यांनीं चपला झिजविल्या असतील, त्या श्रोत्यांस या स्थितीचें अधिक वर्णन नको. २२ जून १९४४ रोजीं झालेल्या कायद्यानें परत आलेल्या सैनिकाच्या गृहकर्जास सरकारची हमी मिळाली होती. जें कर्ज पेढीनें एरवीं दिलें नसतें, तें ती या हमीमुळें निर्धास्तपणें देऊं लागली. गिऱ्हाईक होतें, पैसा होता, घरें नव्हतीं.

ही संधि ज्यांनीं अचूक हेरली ते ‘लेव्हिट अँड सन्स’ या पेढीचे तिघे बापलेक. वडील अब्राहाम यांना झाडांचा नाद. थोरला विल्यम व्यवहार पाही. धाकटा आल्फ्रेड नकाशे काढी, आणि वास्तुशास्त्राची पदवी नसतां काढी. युद्धकाळांत नॉरफोक येथें नौदलाच्या कामगारांसाठीं घाईनें घरें बांधतांना या पेढीला एक गोष्ट उमगली होती. कारखान्यांत माल पुढें सरकतो व कामगार जागीं उभा असतो. घर कांहीं सरकवितां येत नाहीं, पण कामगारांची टोळी सरकवितां येते. तेव्हां घरबांधणीचीं सुमारें सत्तावीस कामें पाडण्यांत आलीं, आणि प्रत्येक टोळी आपलें एकच काम करीत घरामागून घर पुढें जाई. रंगाऱ्यांतसुद्धां एकानें पांढरा द्यावा व दुसऱ्यानें तांबडा. मालमोटारी दर साठ फुटांवर सामानाचा एकेक ठरीव ढीग टाकून जात. खिळे पेढीच्याच कारखान्यांत होत, लांकूड कॅलिफोर्नियांतील तिच्याच गिरणींतून येई. ऐन भरांत दिवसाला तीस घरें तयार होत असत.

१९४७ सालचें तें घर आज कोणास दाखविलें तर हें एवढेंच का, असें तो विचारील. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील जुन्या बुटक्या घरांच्या धर्तीवर, दोन्ही बाजूंस उतरत्या छपराचें, एकमजली. त्यांत बैठकीची खोली, स्वयंपाकघर, निजावयाच्या दोन खोल्या व एक न्हाणीघर, सारें मिळून सुमारें ७५० चौरस फूट. स्वयंपाकघरांत कपडे धुण्याचें यंत्र आधींच बसविलेलें असे. गृहिणींना त्याचें मोठें अप्रूप वाटे. जमिनीचा तुकडा मात्र साठ फूट रुंद व शंभर फूट लांब, म्हणजे ६,००० चौरस फुटांचा. घरानें त्यांतील अष्टमांश काय तो व्यापला. बाकीचे सात भाग मोकळे.

या घराला तळघर नव्हतें. त्या भागांतील बांधकामाच्या नियमांप्रमाणें तळघर आवश्यक होतें. तें खणीत बसल्यास वेळ व पैसा दोन्ही अधिक लागले असते. मे १९४७ मध्यें हेंपस्टेडच्या नगरसभेनें माजी सैनिकांच्या गर्दीसमोर तो नियम बदलला. मग जमिनीवर काँक्रीटची एक सलग लादी ओतावयाची आणि तिच्यावर घर उभारावयाचें, असा क्रम ठरला. त्या लादीच्या पोटांत तांब्याच्या नळ्यांचीं वेटोळीं असत. हिवाळ्यांत त्यांतून कढत पाणी फिरे व पायाखालची जमीनच ऊब देई. घराच्या मधोमध एक अरुंद जिना वर जाई. जिना होता, परंतु जिना चढून गेल्यावर खोली नव्हती. वर नुसता माळा: उघडे वासे, दोन टोकांस दोन खिडक्या, बाकी कांहीं नाहीं. आल्फ्रेडच्या नकाशांतील खरी मेख हीच होय. त्यानें पुरें घर विकलें नाहीं; पुढें पुरें करतां येईल असें घर दिलें.

पहिलीं कुटुंबें १ ऑक्टोबर १९४७ रोजीं राहावयास आलीं. प्रारंभीं हीं घरें महिना सुमारें ६० डॉलर भाड्यानें दिलेलीं होतीं. १९४९ पासून नव्या नमुन्याचें घर ७,९९० डॉलरला विकावयास निघालें, तेव्हां लोक कचेरीपुढें आधल्या रात्रींपासून रांगा लावून बसले आणि एका दिवसांत सुमारें १,४०० करार झाले. या नमुन्यांत स्वयंपाकघर रस्त्याकडे होतें, व बैठकीची खोली मागें, अंगणाकडे तोंड करून, मोठ्या कांचेच्या खिडकीसह. आई भांडीं घासतां घासतां रस्त्यावरचीं मुलें पाहूं शके. करारांत नियमहि पुष्कळ होते. कुंपण घालावयाचें नाहीं. उन्हाळ्यांत आठवड्यास एकदां गवत कापलेंच पाहिजे. कपडे दोरीवर न टाकतां छत्रीसारख्या घडीच्या दांडीवर वाळवावयाचे, आणि तेहि सुटीच्या दिवशीं नव्हे. काळाच्या ओघांत हे नियम सैल पडले व कुंपणें उभीं राहिलीं. शेजाऱ्याचें गवत मोजणें कोणास किती दिवस जमणार?

पहिलें मूल झालें तोंवर घर पुरलें. दुसरें झालें तेव्हां नजर जिन्याकडे गेली. प्रथम माळ्याला तक्तपोशी, मग दोन बाजूंस आडोसे, मग मुलाची खाट. पण छपराच्या उतारामुळें मोठा माणूस फक्त मधोमध उभा राहूं शके. बाजूला सरकला कीं डोकें वाशाला लागे. यावर उपाय एकच: छपराचा मागचा उतार कापून वर उचलावयाचा व त्याखालीं उभी भिंत आणि खिडक्या बसवावयाच्या. या उचललेल्या भागाला तिकडे डॉर्मर म्हणतात. अशा रीतीनें माळ्यावर दोन चांगल्या खोल्या व एक न्हाणीघर निघे, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला घर पूर्वींइतकेंच बुटकें दिसे. ज्यांच्या घराची बैठक मागें होती त्यांनीं मागची भिंत फोडून अंगणांत खोली काढली. पुढील नमुन्यांत मोटारीसाठीं नुसतें छप्पर असे; त्याला भिंती लावून कोणी तेथें मुलांची खेळण्याची खोली केली.

हें काम दगडाविटांच्या घरांत झालें नसतें. लेव्हिटच्या घराच्या भिंती म्हणजे दोन इंच बाय चार इंच लांकडांचा सांगाडा व त्यावर आंतून ठोकलेले जिप्समचे तक्ते. करवत, हातोडी आणि चार रविवार एवढ्या सामग्रीवर दिवसभर कचेरींत बसणारा कारकूनसुद्धां आडभिंत हलवूं शके. परंतु याहून महत्त्वाचें कारण निराळेंच आहे, आणि टीकाकारांच्या तें लक्षांत आलें नाहीं. घरें तंतोतंत सारखीं होतीं म्हणूनच तीं बदलणें सोपें झालें. एका घराचा जिना ज्या भिंतीला टेकला होता त्याच भिंतीला तो त्या नमुन्याच्या दुसऱ्या हजार घरांत टेकलेला होता. शेजाऱ्यानें डॉर्मर काढला तर त्याचीं मापें, त्याची लांकडांची यादी, त्याच्या चुकासुद्धां, जशाच्या तशा उपयोगीं पडत. कंत्राटदाराला घर न पाहतां किंमत सांगतां येई. या घरांत काय काय फेरफार करतां येतील यालाच वाहिलेलें ‘थाउजंड लेन्स’ नांवाचें एक नियतकालिकहि १९५०च्या दशकांत तेथें निघत असे. सारखेपणांतून वैचित्र्य उत्पन्न झालें तें असें. बार्बरा केली या संशोधिकेनें १९९३ सालीं ‘एक्स्पांडिंग दि अमेरिकन ड्रीम’ या ग्रंथांत या फेरफारांचा इतिहास सविस्तर मांडला आहे. तिचा रोखहि हाच कीं, लेव्हिटटाउन एकदां बांधलें गेलें तें पेढीकडून, आणि पुन्हां बांधलें गेलें तें राहणाऱ्यांकडून.

आतां अशा वाढविलेल्या घरांत राहणें म्हणजे काय तें पाहूं. बाहेरून कौतुक करणें सोपें असतें. मागें खोली काढली कीं पहिला बळी जातो तो मूळच्या बैठकीचा. जिच्या मोठ्या खिडकींतून अंगण दिसे ती आतां दोन खोल्यांच्या मधली अंधारी जागा होते. दिवसाहि दिवा लावावा लागतो. जुन्या भागाची लादी ऊन असते, नव्या भागाखालीं त्या नळ्या नसतात; त्यामुळें हिवाळ्यांत अनवाणी चालणाऱ्या मुलाला डोळे मिटूनहि सांगतां येतें कीं, मूळचें घर कोठें संपलें. विजेच्या तारा १९४७ सालच्या गरजेपुरत्या. त्यांवर वातानुकूलनाचीं यंत्रें व विजेच्या शेगड्या चालवावयाच्या तर सारीच जोडणी नवी करावी लागते. खालच्या डांबरी लाद्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, म्हणून त्या उखडण्यापूर्वीं जाणत्या माणसाकडून तपासून घ्याव्या लागतात. बरेच लोक त्यांवरच नवी फरशी घालून मोकळे होतात.

सर्वांत मोठी डोकेदुखी त्या तांब्याच्या नळ्यांची. नव्या असतांना त्यांच्यासारखें सुख नाहीं. मुलें जमिनीवर लोळत, आणि खोलींत एकहि पेटी किंवा नळ दिसत नसे. पण काँक्रीटच्या पोटांत कित्येक वर्षें राहिल्यावर त्या ठिकठिकाणीं झिजल्या, गळूं लागल्या. बंबाला वारंवार पाणी लागूं लागलें, किंवा जमिनीचा एखादाच तुकडा विशेष ऊन व ओलसर लागला, कीं घरधन्यानें ओळखावें. दुरुस्तीसाठीं लादी फोडावी लागे. एक भोंक बुजविलें तर वर्षभरांत दुसरें. अखेर अनेकांनीं त्या नळ्या कायमच्या बंद केल्या व भिंतींच्या पायथ्याशीं नवे गरम पाण्याचे नळ फिरविले. ज्या युक्तीचें सर्वांनीं तोंडभरून कौतुक केलें तीच आधीं थकली, आणि ज्या माळ्याकडे कोणी ढुंकून पाहिलें नव्हतें तो कुटुंबाच्या कामीं आला. वाढविलेल्या घरांत मागच्या तीन-चार मालकांचे निर्णय भिंतींत दडलेले असतात. आडभिंत उघडली कीं कोणी जुनी खिडकी तशीच झांकून टाकलेली सांपडते, कोणी बाहेरची भिंत आंत आलेली, तिच्यावरील बाहेरच्या आच्छादनासह.

येथवर ऐकून हें गांव म्हणजे सामान्य माणसाच्या हिकमतीची सुरस कथा वाटेल. तिला दुसरी बाजू आहे, आणि ती न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. पहिल्या भाडेकरारांत असें कलम होतें कीं, घरांत गोऱ्या वंशाखेरीज अन्य कोणास राहूं देतां कामा नये. मोलकरीण वा गडी म्हणून आलेल्या कृष्णवर्णीयास तेवढी मोकळीक होती. हें एकट्या पेढीचें कृत्य नव्हतें. गृहकर्जाचा विमा उतरणाऱ्या सरकारी खात्याच्या धोरणाशीं तें जुळणारें होतें. मे १९४८ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, असलीं कलमें न्यायालयांमार्फत अमलांत आणतां येणार नाहींत. कलम करारांतून गेलें, रीत गेली नाहीं. घरांचा प्रश्न सोडवितां येईल किंवा वंशांचा, दोन्ही एकदम सोडवितां येणार नाहींत, अशा आशयाचें समर्थन विल्यम लेव्हिट करीत असे. पेनसिल्व्हानियांत याच पेढीनें वसविलेल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्यें ऑगस्ट १९५७ मध्यें विल्यम व डेझी मायर्स हें कृष्णवर्णीय दांपत्य एका जुन्या मालकाकडून घर विकत घेऊन राहावयास आलें, तेव्हां घरापुढें दररोज जमाव गोळा झाला, दगड आले, आणि राज्याच्या पोलिसांना पहारा बसवावा लागला. मायर्स माजी सैनिक होता.

याचा परिणाम केवळ मानापमानाचा नव्हता, हिशेबाचा होता. ७,९९० डॉलरच्या घराला पुढें दोन खोल्या, एक न्हाणीघर, एक मोटारघर जोडलें गेलें, कर्ज फिटलें, आज तेथील घर पांच लक्ष डॉलरांहूनहि अधिक किंमतीला विकलें जातें. मध्यंतरींच्या महागाईची वजावट करूनहि ही वाढ मोठीच राहते. मुलांचें महाविद्यालय, आईबापांचें आजारपण, पुढच्या पिढीचें पहिलें घर, हें सारें त्या भिंतींच्या तारणावर उभें राहिलें. ज्या सैनिकाला त्याच युद्धांतून परतून तें घर मिळालेंच नाहीं, त्याच्याजवळ डॉर्मर काढावयास छप्परच नव्हतें. घरविक्रींतील वर्णभेद कायद्यानें बंद झाला तो १९६८ सालीं, म्हणजे पहिलें कुटुंब राहावयास आल्यानंतर वीस वर्षांनीं. २०१० सालच्या शिरगणतींत लाँग आयलंडवरील या गांवांत कृष्णवर्णीयांचें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपासच होतें. कुंपणाचा नियम जितक्या लवकर विसरला गेला, तितका हा गेला नाहीं.

इतर बाबतींत वस्ती पालटत चालली आहे. लगतच्या हिक्सव्हिल गांवांत भारतीयांची मोठी वस्ती झाली असून तेथें किराणा, मिठाई व साड्यांचीं दुकानें आहेत. लेव्हिटटाउनमध्येंहि आशियाई कुटुंबें येऊं लागलीं आहेत. त्यांना या घरांतील एक प्रकार ओळखीचा वाटत असावा. हेंपस्टेडच्या इमारतखात्यांत ‘माय-लेकीचें घर’ अशा अर्थाचा एक परवाना मिळतो. एका घरांत दुसरें स्वयंपाकघर काढण्यास एरवीं बंदी. पण वर राहणारें कुटुंब व खालीं राहणारें कुटुंब जवळच्या नात्याचें असेल तर परवानगी मिळूं शकते. आईबाप गुडघ्यांमुळें खालीं राहतात, मुलगी-जांवई डॉर्मरखालच्या खोल्यांत. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र घर देण्याच्या प्रतिज्ञेनें वसलेल्या गांवांत, घरें महाग झाल्यामुळें, एका छपराखालीं दोन चुली पुन्हां पेटल्या आहेत; आणि सरकारी कागदावर नातें सिद्ध करून पेटल्या आहेत!

एवढे फेरफार होऊनहि एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत जागची हललेली नाहीं. जिना आल्फ्रेड लेव्हिटनें ठेवला तेथेंच आहे. तो हलवावयाचा तर घराचा सारा मध्यभागच उकलावा लागेल, म्हणून कोणी त्याच्या वाटेस जात नाहीं. त्यामुळें या गांवांत लहानाचा मोठा झालेला मनुष्य कोणत्याहि अनोळखी घरीं गेला, तें बाहेरून कितीहि निराळें दिसत असलें, तरी माळ्याची वाट त्याला विचारावी लागत नाहीं.